पाटी, व्हाळ आणि मंडळाची वर्गणी: वाडीने चालवलेल्या एका बालवाडीचं प्रकरण

हे प्रकरण कुडाळ तालुक्यातल्या एका वाडीतलं. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. २०२१ पासून महिन्यातून दोनदा या बालवाडीत जात होते, त्यामुळे जे चुकलं त्यात माझाही वाटा आहे. तो पुढे येईलच.

पार्श्वभूमी

गाव नऊ वाड्यांचं. अंगणवाडी मधल्या वाडीत, ग्रामपंचायतीला चिकटून. ही वाडी सगळ्यात वरची, डोंगराच्या पायथ्याशी. तीन किलोमीटरचं कोणाला काही वाटत नाही, अडचण व्हाळाची, म्हणजे ओढ्याची. जूनच्या मध्यावर साकव, म्हणजे त्यावरचा छोटा पूल, पाण्याखाली गेला की ऑगस्ट संपेपर्यंत तीन वर्षांचं पोर कडेवर घेऊन पलीकडे जायची कोणाची छाती होत नाही.

एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, आणि तिच्यात तेव्हा लहान वस्तीसाठी मिनी अंगणवाडीची सोय होती. साधारण निकष दीडशे ते चारशे लोकवस्तीचा. वाडीने दोनदा अर्ज केला. रेशनकार्डांवर माणसं दोनशेच्या वर, पण चुली पेटतात सव्वीस घरांत. बाकीचे मुंबईला. सिंधुदुर्गाची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ८,६८,८२५ होती, २०११ ला ती ८,४९,६५१ वर आली. वाडीत उभं राहिलं की हा आकडा कुलूप लावलेल्या दारांत मोजता येतो. लाभार्थी कमी म्हणून अर्ज परत आला.

मग २०१७ मध्ये वाडीने स्वतःचीच बालवाडी काढली. एका घराने मांगर, म्हणजे शेतीच्या वापराची खोपी, दिला. भाडं नाही, फक्त दरवर्षी पावसाआधी तो सगळ्यांनी मिळून शाकारून द्यायचा. वाडीतलीच एक पदवीधर सून शिकवणारी बाई झाली; तिने बालवाडी शिक्षिकेचा अभ्यासक्रम केला होता. मदतीला एक आजी. महिन्याचा खर्च साडेसहा हजार: बाईंचं मानधन चार हजार, आजींचे दीड हजार, खाऊ आणि साहित्याला एक हजार. त्यातले पाच हजार मुंबईला गेलेल्या गावकऱ्यांचं ग्रामविकास मंडळ द्यायचं. तेरा मुलांचे प्रत्येकी शंभर, आणि उरलेले दोनशे देवळाच्या पेटीतून.

म्हणजे चालवणारी वाडी, पण पोसणारं मंडळ. ही गोष्ट पहिली सहा वर्षं कोणाला खुपली नाही.

मांगरात काय चालायचं

बाईंना ज्यांनी शिकवलं त्या शिक्षिका कोसबाडच्या परंपरेतल्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. तिथला एक धडा बाईंनी पक्का उचलला होता: साहित्य विकत आणायचं नाही, आवारात मिळेल ते घ्यायचं. मांगरात महागाची वस्तू म्हणजे एक तराजू, तोही बंद पडलेल्या दुकानातला.

सकाळी आल्यावर प्रत्येक मुलाने पाट्यांच्या ढिगातून आपल्या नावाची पुठ्ठ्याची पाटी शोधून खुंटीला लावायची. हीच हजेरी. पहिल्या महिन्यात मूल पाटीवरचं चित्र बघतं, मग अक्षराचं वळण, आणि वर्ष सरता सरता शेजाऱ्याची पाटीही ओळखतं. मग काजूबियांचा खेळ. मूठभर बिया घ्यायच्या, दोन करवंट्यांत वाटायच्या: पाच बिया, इकडे तीन तर तिकडे किती? चार वर्षांची मुलं हे हसत करत. चुकलं तर बी करवंटीतच असते, ती बघून मूल स्वतः दुरुस्त करतं, बाईंना बोलावं लागत नाही.

अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, करायचा दिवस ठरलेला असे. अबोलीचा देठ इतका नाजूक की जोरात धरला तर चुरगळतो आणि सैल धरला तर निसटतो. बोटांच्या चिमटीला याहून चांगला व्यायाम मला तरी ठाऊक नाही, आणि मी पस्तीस वर्षं मुलांच्या हातात पेन्सिली दिल्या आहेत.

आणि बोली. बाई मुलांशी मालवणीत बोलत, गोष्ट मालवणीतच सांगत. "पुस्तकातली" मराठी गाण्यांतून आणि दुसऱ्यांदा सांगितलेल्या गोष्टीतून यायची. आज एक गोष्ट मालवणीत, दोन दिवसांनी तीच प्रमाण मराठीत. मुलांना काय होणार हे आधीच माहीत असतं, म्हणून नवे शब्द अडत नाहीत. मातृभाषेतून सुरुवात करा असं २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतं. बाईंनी ते केलं ते धोरण वाचून नव्हे, मुलं गप्प बसू नयेत म्हणून.

लिहिणं मात्र नव्हतं. पाटी-पेन्सिल नाही, वही नाही, घरचा अभ्यास नाही. आणि, हे आम्हाला तेव्हा महत्त्वाचं वाटलं नाही, कोणत्या मुलाला काय येतं याची नोंदही नव्हती. ते बाईंच्या डोक्यात होतं.

अडचण

२०२३ ची चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. चाकरमानी आले, घरं उघडली, आरत्या-भजनं झाली. त्या गडबडीत एका घरात दोन चुलत भाऊ शेजारी बसले, दोघेही पाच वर्षांचे. ठाण्याच्या मुलाने वहीत ए ते झेड काढून दाखवलं. वाडीच्या मुलाला वही दिली तर त्याने तिच्यावर बैल काढला. बैल छान होता. पण ते कोणी पाहिलं नाही.

पाचव्या दिवशी देवळाच्या सभामंडपात मंडळाची बैठक बसली. सचिवांनी मुद्दा सरळ मांडला: सहा वर्षं पैसे देतोय, मुलं चिंचोके मोजतायत. यापुढे गणवेश, इंग्रजीची पुस्तकं आणि रोजचा लेखी अभ्यास असेल तर मंडळ पाचाचे आठ हजार करेल. नसेल तर दिवाळीपासून वर्गणी बंद.

बाई बैठकीत होत्या. सचिव मात्र त्यांच्या नवऱ्याकडे बघून बोलत होते, आणि एकदा बाईंकडे वळले तेव्हा "वहिनी, तुमच्यावर राग नाय" म्हणाले. शिक्षिका म्हणून त्यांना कोणी काही विचारलंच नाही. वाडीतल्या आयाही कोपऱ्यात गप्प. पण गप्प म्हणजे बाईंच्या बाजूने, असं मी धरून चालले ते चुकलं. दुसऱ्या दिवशी एका मुलाच्या आजी मला वाटेत म्हणाल्या, "खेळाकच धाडूचा तर घराकडे खळां काय कमी आसा?" म्हणजे खेळायलाच धाडायचं तर घरचं अंगण काय कमी आहे?

त्यातच बाजारच्या गावातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेची पिवळी व्हॅन त्या वर्षीपासून साकवाच्या अलीकडच्या वळणापर्यंत यायला लागली होती. फी आणि व्हॅन मिळून महिन्याला बाराशे. ऑक्टोबरात दोन मुलं त्या व्हॅनमध्ये बसली. पट अकरावर आला.

समोरचे पर्याय

दसऱ्याआधी मांगरात आम्ही सहाजणी बसलो: बाई, आजी, तीन आया आणि मी.

मंडळाची अट मान्य करायची, हा सगळ्यात सोपा. आठ हजारांत बाईंचं मानधन वाढलं असतं, आणि त्यांना ते हवंच होतं. हे त्यांनी मोकळेपणाने सांगितलं याचं मला कौतुक वाटलं. पण अकरांतली सहा मुलं चार वर्षांच्या आतली. त्यांना तास तासभर गिरवायला बसवणं बाईंना जमणार नव्हतं.

मंडळाला नाही म्हणायचं आणि वाडीच्या जिवावर चालवायचं. हिशेब केला: अकरा मुलांवर साडेसहा हजार म्हणजे घरटी जवळपास सहाशे. भातशेती आणि काजूवर चालणाऱ्या घरांना हे दर महिन्याला शक्य नव्हतं. मे महिन्यात हातात पैसा असतो, सप्टेंबरात नसतो.

बालवाडी बंद करून मुलांना अंगणवाडीत धाडायचं, हेही बोललं गेलं. तिथे गरम आहार मिळतो, वजन होतं, नोंद होते. आमची मुलं त्या अंगणवाडीच्या पटावर होतीच, फक्त जात नव्हती. एक आई म्हणाली, आठ महिने तरी जातील. पण जी पोरं चार महिने घरी बसतात ती परत जायला रडतात, हा २०१७ च्या आधीचा अनुभव सगळ्यांना आठवत होता. पर्याय पाच मिनिटांत निकालात निघाला. तो इतक्या लवकर निघायला नको होता. का, ते पुढे.

शेवटी ठरलं की मंडळाला आपली पद्धत समजावून सांगू. ही माझी सूचना.

काय केलं

ऑक्टोबरच्या शेवटी एका रविवारी मंडळाच्या कार्यकारिणीशी व्हिडिओ कॉल झाला. मी वीस चित्रफलक तयार केले होते. अक्षरापूर्वीची तयारी, हाताचे लहान स्नायू, बोलीतून भाषेकडे. पाऊण तास बोलले. सचिवांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, सगळं बरोबर असेल. पण माझ्या पुतण्याच्या मुलीला आज काय काय येतं, तेवढं सांगा."

मला सांगता आलं नाही. बाईंना त्या मुलीचं सांगता आलं. मग त्यांनी आणखी एका मुलाचं विचारलं, तिथे बाई अडखळल्या. कॉल तिथेच संपला म्हणायला हरकत नाही.

परतताना बाई माझ्यावर चिडल्या होत्या आणि त्यांचं बरोबर होतं. मी पद्धतीचा बचाव करत बसले. समोरच्याने मुलाबद्दल विचारलं होतं.

दिवाळीनंतर आम्ही तीन बदल केले. एक, जाड वही घेऊन प्रत्येक मुलाला एक पान दिलं. त्यावर साध्या बारा ओळी: नाव ओळखतो का, पाच बिया वाटतो का, गोष्ट परत सांगतो का, पाठमोरा असताना हाकेला ओ देतो का, कात्री धरतो का, वगैरे. महिन्यातून एकदा बाईंनी तारीख घालून भरायचं. दोन, साडेचारच्या वरच्या पाच मुलांना रोज अर्धा तास पाटी. तीन, इंग्रजीला नकार नाही. रंग, प्राणी, एखादं गाणं, आठवड्यातून दोन दिवस.

पाटीला मी आधी विरोध केला. आपण हरलो असं वाटलं. बाईंनी ऐकलं नाही, म्हणाल्या, अर्ध्या तासाने मुलांचं काही बिघडत नाही आणि आयांना संध्याकाळी बघायला काहीतरी मिळतं. तीन आठवड्यांत चार मुलं आपलं नाव लिहायला लागली. अबोलीने बोटं तयार होती, नाव वर्षभर खुंटीवर बघितलेलं होतं. लिहिणं म्हणजे फक्त खडू उचलणं राहिलं होतं. तेवढंही आम्ही उगाच अडवून धरलं होतं.

ही पानं मंडळाला पाठवायची असंही ठरलं. वर्गणी जूनपर्यंत पूर्ववत सुरू राहिली.

पाचवा मुलगा

पाटीच्या गटातला पाचवा मुलगा पाच वर्षांचा. शांत, हसरा, कामाला चपळ. बाई पाटीचा एक खेळ घेत: मुलांच्या मागे उभं राहून सांगायचं, डोंगर काढा, माड काढा. हा मुलगा खडू हातात धरून थांबायचा आणि शेजाऱ्याच्या पाटीकडे बघून मगच सुरुवात करायचा. सुरुवातीला वाटलं, नक्कल करायची सवय आहे.

डिसेंबरात वही भरताना त्याच्या पानावर दोन ओळी कोऱ्या राहिल्या. गोष्ट परत सांगणं, आणि पाठमोरा असताना ओ देणं. इतर दहा पानांवर त्या भरलेल्या. बाईंनी दुसऱ्या दिवशी त्याच्यामागून तीन वेळा हाक मारली. चौथ्यांदा आजींनी त्याच्या खांद्याला हात लावला तेव्हा तो वळला.

आजी तेव्हा जे म्हणाल्या ते मला अजून टोचतं. "मी श्रावणातच सांगितलंय. तेका आयकाक येणा नाय." त्यांनी खरंच सांगितलं होतं. बाई आणि मी दोघीही तेव्हा म्हणालो होतो, लाजतो तो. दीड हजारावर काम करणाऱ्या मदतनीस बाईचं निरीक्षण आम्ही दोघी शिकलेल्यांनी बाजूला सारलं. मांगरात सगळं पाहून-करून शिकायचं असल्यामुळे तो मुलगा सगळ्यांच्या बरोबरीने चालत राहिला. मोकळ्या खेळात न ऐकू येणारं मूल सहज लपतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्याचं फिरतं पथक अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करतं, कानाचीही. आमच्या मुलांची नावं अंगणवाडीच्या पटावर होती. सेविकांनी तपासणीच्या आदल्या दिवशी आयांना फोनवर निरोप पाठवले होते, तेही मला दाखवले. व्हाळापलीकडे कोणी गेलं नव्हतं. कारण आमची बालवाडी वेगळी होती, चांगली होती, आणि तिकडे काही नवीन मिळणार नाही अशी वाडीची खात्री होती. ती खात्री तयार करण्यात माझा हात होता.

जानेवारी २०२४ मध्ये जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणी झाली. दोन्ही कानांच्या पडद्यामागे पाणी साचलं होतं. या वयात सर्दीनंतर हे पुष्कळ मुलांना होतं, कमी-जास्त होत राहतं, आणि मूल कधी ऐकतं कधी नाही, त्यामुळे घरच्यांना हट्टी वाटतं. डॉक्टरांनी तीन महिने थांबून पुन्हा बोलावलं. एप्रिलला एक कान मोकळा झाला होता; दुसऱ्यासाठी लहान शस्त्रक्रिया करावी लागली.

एक चूक आणखी

जानेवारीची पानं बाईंनी नेहमीप्रमाणे फोटो काढून मंडळाला पाठवली. तिथून कोणीतरी ती मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली. संध्याकाळपर्यंत मुंबईहून मुलाच्या आईला चौकशीचे फोन. कोणी औषध सांगितलं, कोणी नवस. एका नातेवाइकाने "मुको होतलो काय?" असं विचारलं. आई आठ दिवस बालवाडीकडे फिरकली नाही, आणि आली ती बाईंशी भांडायला.

वहीची कल्पना माझी, पानं पाठवायची कल्पनाही माझी. मुलाची नोंद कोणी बघायची हे आम्ही ठरवलंच नव्हतं, कारण मंडळाला समाधान द्यायची घाई होती. त्यानंतर नियम केला: पान फक्त आई-वडील बघतील. मंडळाला तीन महिन्यांनी एक कागद, किती मुलं काय करू लागली एवढंच, नावं नाहीत. सचिव यावर कुरकुरले. पण त्या मुलाच्या वडिलांनी त्यांना फोन केला होता, त्यामुळे फार ताणलं नाही.

परिणाम

जून २०२४ मध्ये तीन मुलं पहिलीला गेली. आणखी एक व्हॅनच्या शाळेत. आधी गेलेल्या दोघांपैकी एक परत आला. त्याला घाटातल्या वळणांवर रोज उलटी व्हायची. दोन नवी मुलं आली. पट दहा.

कानाचा मुलगा पहिलीला न जाता एक वर्ष मांगरातच राहिला. आई-वडिलांचाच निर्णय, आणि बरोबर वाटतो. तो आता बडबडतो. गोष्ट परत सांगताना मधले प्रसंग गाळतो, शेवट मात्र चुकत नाही.

अंगणवाडी सेविकांशी बसून बोलणं झालं, सहा वर्षांत पहिल्यांदा. त्यांचाही राग होता: पटावर मुलं, पण वर्गात नाहीत, आणि वरून विचारणा झाली की उत्तर त्यांनी द्यायचं. आता तपासणीच्या दिवशी बाई स्वतः मुलांना घेऊन जातात. मंडळाच्या एका सदस्याची जीप त्या दिवसापुरती मिळते. पावसाळ्यातली तपासणी अजून अधांतरीच.

मंडळाने गणवेश न विचारता पाठवले. त्यात टायही होते. मुलांनी ते बैलगाडीच्या खेळात वेसण म्हणून वापरून संपवले.

पुन्हा करायचं झालं तर

नोंदवही पहिल्या दिवसापासून हवी होती, आणि ती मंडळाने विचारलं म्हणून नव्हे. सचिवांचा प्रश्न मला तेव्हा अडाणीपणाचा वाटला होता. त्याच प्रश्नामुळे वही आली आणि वहीमुळे कान सापडला; हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

महिन्यातून एकदा आजींनी प्रत्येक मुलाबद्दल एक वाक्य बोलायचं आणि बाईंनी ते जसंच्या तसं लिहायचं, हे आता सुरू केलंय. ते वहीतल्या बारा ओळींपेक्षा जास्त उपयोगी पडतंय.

अंगणवाडीचा पर्याय त्या दिवशी पाच मिनिटांत सोडून दिला, तेव्हा "तिथे जाणं" आणि "तिथली तपासणी, लसीकरण, आहार घेणं" या दोन गोष्टी आम्ही वेगळ्या केल्या नाहीत. बालवाडी आपली ठेवूनही दुसरी गोष्ट घेता आली असती. आहाराचा प्रश्न अजून तसाच आहे; शिजवलेलं अन्न व्हाळापलीकडून रोज आणायचं कोणी, इथे बोलणी थांबली आहेत.

आणि बैठकीत आयांना बोलायला लावायला हवं होतं. त्यांना लिहिणं हवं होतं, पण इंग्रजी फारसं नको होतं. हे मला फेब्रुवारीत कळलं, वळेसर करताना.

येत्या जूनमध्ये चार मुलं पहिलीला जातील आणि वाडीत तीन वर्षांचं होणारं मूल एकच आहे. पट सातवर येईल. सातांसाठी बाई, आजी आणि साडेसहा हजार, असा विषय मंडळाने यंदाच्या चवथीच्या बैठकीत घेतला आहे. बाईंनी कळवलंय की या वेळी त्या नवऱ्याला घरी ठेवून येणार आहेत.